प्रकल्प नोंदी: अल्फा-गॅलच्या पथ्यासाठी पाकीटबंद गोड खाऊची तपासणी

४ जुलै २०२५

कामाची व्याप्ती ठरली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली किराणा दुकाने, बेकऱ्या, एसटी स्टँडवरचे स्टॉल आणि बचत गटांची विक्री केंद्रे इथे पाकिटातून मिळणारा गोड खाऊ तपासायचा. अल्फा-गॅलच्या अ‍ॅलर्जीचे पथ्य असलेल्या माणसाने यातले काय घ्यावे आणि काय फळीवरच राहू द्यावे, याची वही गणपतीआधी तयार व्हायला हवी. चाकरमान्यांच्या पिशव्या एकदा उघडल्या की घरात लेबल वाचायला कोणी थांबत नाही.

वहीच्या पहिल्या पानासाठी थोडी माहिती. अल्फा-गॅल ही एक शर्करा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, उंट अशा जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांच्या अंगात ती असते. माणसात आणि त्याच्या जवळच्या वानरकुळात नसते. काही जातींची गोचीड चावल्यावर काही जणांचे शरीर या शर्करेविरुद्ध अ‍ॅलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडे तयार करते. त्यानंतर मटण, बीफ, पोर्क किंवा त्यापासून केलेले काही पोटात गेले की अंगावर पित्त उठते, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात; गंभीर प्रसंगी श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. हे सगळे खाल्ल्याबरोबर होत नाही. दोन ते सहा तास जातात. दुपारी चारला खाल्लेल्या चघळगोळीचा त्रास रात्री जेवण झाल्यावर सुरू होतो आणि दोष रात्रीच्या जेवणाला दिला जातो. अमेरिकेत २०१० ते २०२२ या काळात या आजाराचे १,१०,००० हून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. आपल्याकडे नाव अजून फारसे कानावर नाही.

सिंधुदुर्गात गोचीड म्हटले की दोडामार्गचा माकडताप आठवतो. तो विषाणूचा आजार आहे, त्याचा अल्फा-गॅलशी संबंध नाही. वहीत हे ठळक लिहायचे, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार.

मासे, कोंबडी, बदक आणि अंडी यांत ही शर्करा नसते. म्हणजे कोकणातले जेवणाचे ताट बरेचसे शाबूत राहते. घोळ होतो तो खाऊच्या डब्यात.

७ जुलै

पाकिटावर ‘चालेल’ किंवा ‘नाही’ असा एकच शिक्का मारायचा नाही. पथ्य सगळ्यांचे सारखे नसते, त्यामुळे एकच पाकीट एकाला चालते आणि दुसऱ्याला नाही. वहीत तीन रकाने आखले.

पहिल्या रकान्यात सस्तन प्राण्याचे मांस, चरबी, जिलेटिन आणि हाडांपासून केलेले पदार्थ. हे या आजाराच्या प्रत्येकाला वर्ज्य.

दुसऱ्यात दूध आणि दुधाचे जे जे होते ते सगळे. बहुतेक रुग्णांना दूध सोसते. म्हणून डॉक्टर ते पहिल्याच दिवशी बंद करत नाहीत. मांस आणि जिलेटिन सोडूनही त्रास राहिला तर करतात. ज्यांना दूध बाधते त्यांना खवा, साय, आइस्क्रीम असे स्निग्ध पदार्थ जास्त बाधतात.

तिसरा रकाना कॅराजिननचा. हे समुद्री शेवाळापासून काढलेले घट्ट करणारे द्रव्य आहे. ‘दुधाचा अंश असू शकतो’ छापाचे इशारेही याच रकान्यात. हा रकाना फार थोड्यांना लागतो, पण ज्यांना लागतो त्यांना त्याची नितांत गरज असते.

तुपावर बराच खल झाला. दुधाच्या नेहमीच्या अ‍ॅलर्जीत दोष प्रथिनांचा असतो आणि तूप कढवताना प्रथिने बेरीत राहतात, म्हणून तूप सोडून द्यावे असे एक मत होते. पण अल्फा-गॅल ही प्रथिनांना जशी जोडलेली असते तशी मेदालाही असते. प्रतिक्रिया इतकी उशिरा येण्याचे एक कारण तेच असावे असे मानले जाते, कारण मेद रक्तात पोचायला वेळ लागतो. तेव्हा तूप दुसऱ्या रकान्यातच. गाईचे, म्हशीचे असा भेद नाही.

रकाना कोणता लागू हे डॉक्टरांनी सांगायचे. वहीने फक्त पाकिटात काय आहे ते सांगायचे. ‘थोडे खाऊन बघ’ हा प्रयोग घरी करायचा नाही, ही ओळ प्रत्येक पानाच्या तळाशी.

१२ जुलै

दुकानदार पहिल्यांदा दाखवतात तो हिरवा ठिपका. “हिरवा आहे, मग काय बघायचं?” हा प्रश्न चुकीचा नाही, पण ठिपका ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो आपला प्रश्न नव्हे.

हिरव्या ठिपक्याचा पदार्थ नियमाने मांस, अंडे आणि प्राणिज घटक यांविना असावा लागतो. म्हणजे जिलेटिन नाही, चरबी नाही, आणि ४७१ सारखी (मेदापासून केलेली, यादीत क्रमांकाने येणारी) द्रव्ये असतील तर तीही वनस्पतीजन्य. पहिला रकाना इथेच जवळजवळ मोकळा होतो. ही सोय मोठी आहे. अमेरिकेतल्या पाकिटावर ४७१, मॅग्नेशियम स्टिअरेट किंवा ‘नैसर्गिक स्वाद’ दिसले की ते कशापासून केले हे कंपनीला विचारावे लागते. आपल्याकडे देशी पाकिटापुरता तो खटाटोप वाचतो.

पण याच नियमात दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि लाख यांना सूट आहे. मध, मधमाशीचे मेण (९०१) आणि लाखेची चकाकी (९०४) कीटकांकडून येते, त्यांची आपल्याला अडचण नाही. दुधाची असू शकते. थोडक्यात, हिरवा ठिपका दुसऱ्या रकान्याबद्दल काहीच बोलत नाही.

तपकिरी खुणेची गंमत याच्या उलट. २०२० च्या लेबलिंग नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. तो कोणत्या प्राण्यामुळे लागला हे त्रिकोण सांगत नाही. अंडे घातलेला केक, माशाच्या जिलेटिनची मिठाई, किड्यापासून काढलेला लाल रंग (१२०) घातलेली गोळी आणि गाईगुरांच्या जिलेटिनचे मार्शमेलो, चौघांना एकच त्रिकोण. यातले पहिले तीन पहिल्या रकान्यात पास होतात. अंडे हा एकच मांसाहारी घटक असेल तर उत्पादकाला तसे लिहिण्याची मुभा आहे. ती ओळ त्रिकोणाच्या आसपास शोधायची.

वनस्पतीजन्य आहाराची नवी खूण २०२२ च्या नियमांनी आली: हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ही खूण दिसली की पहिला आणि दुसरा रकाना दोन्ही मोकळे. तिसऱ्याला ती पुरत नाही, कारण कॅराजिनन शेवाळाचे असते आणि या खुणेच्या पाकिटातही चालते.

१६ जुलै

घटकांची यादी वाचण्याची रीत लिहून काढली.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. शेवटी नखाएवढ्या अक्षरात आलेली नावेही मोजायची. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचणे सगळ्यात सोपे. चमकदार वेष्टन असेल तर ते तिरके धरायचे, नाहीतर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका यादीवर येतो.

यादीच्या खाली अ‍ॅलर्जीची वेगळी ओळ असते. गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुका मेवा, सोयाबीन, सल्फाइट एवढेच तिच्यात यावे लागते. मांस आणि जिलेटिन त्या ओळीत येत नाहीत. त्यामुळे ती ओळ दुसऱ्या रकान्यासाठी उत्तम आणि पहिल्यासाठी निरुपयोगी.

दूध या नावांनी लपते: मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, लॅक्टोज, बटर ऑइल, मिल्क फॅट, कंडेन्स्ड मिल्क, खवा, दह्याची पावडर. ‘नॉन-डेअरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमरमध्ये आणि केकवरच्या फेसाळ क्रीममध्ये सोडियम केसिनेट सर्रास असते, ते दुधाचेच.

उलट, नाव ऐकून घाबरवणारे पण दुधाशी संबंध नसलेले: लॅक्टिक अ‍ॅसिड (२७०), कॅल्शियम लॅक्टेट (३२७), सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट (४८१), कोको बटर. हिरव्या ठिपक्याखाली हे दिसले तर पुढे जायचे.

दोन फटी ध्यानात ठेवायच्या. वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर त्यावर घटकांची यादी नसली तरी नियमात बसते. रुपया-दोन रुपयांची गोळी म्हणूनच मुकी असते. यादी बरणीवर किंवा मोठ्या पुड्यावर असते, आणि दुकानदाराने गोळ्या दुसऱ्या बरणीत ओतल्या असतील तर ती गेलीच. बरणी मूळची नसेल तर ती गोळी ‘अज्ञात’.

दुसरी फट मिश्र घटकांची. एखादा तयार घटक, समजा चॉकलेटचे दाणे, एकूण वजनाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक उलगडून लिहिण्याची सक्ती नाही. अ‍ॅलर्जीची ओळ मात्र तरीही लागू. म्हणून यादीत दूध दिसले नाही तरी ती ओळ बघितल्याशिवाय रकाना भरायचा नाही.

२३ जुलै

जेली, गमी, मार्शमेलो. आजच्या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो योग्य ठिकाणी गेला.

परदेशी धर्तीच्या चघळगोळीत शेकडा पाच ते दहा भाग जिलेटिन असू शकते. जिलेटिन म्हणजे डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कातडी-हाडांपासून काढलेले प्रथिन. गोड पदार्थांत पहिल्या रकान्याला मारणारी हीच मुख्य वस्तू. जुन्या याद्यांत ती ४४१ किंवा ४२८ या क्रमांकानेही येते. मार्शमेलो, काही टॉफी, दह्याच्या आणि क्रीमच्या थंड डेझर्टच्या कपात ती शोधायची.

हिरव्या ठिपक्याची जेली घेतली की जिलेटिन गेले. पण त्याच्या जागी काय आले? तिथे तीन उमेदवार असतात. पेक्टिन (४४०) फळांच्या सालीचे. त्याची गोळी दाताखाली तुटते, ताणली जात नाही. अगार (४०६) म्हणजे आपला चायना ग्रास. आणि कॅराजिनन (४०७, ४०७ए म्हणजे त्याचाच कमी शुद्ध केलेला प्रकार). दुधात किंवा पाण्यात घालून लावायच्या जेलीच्या पाकिटांत बऱ्याचदा ४०७, त्याच्या जोडीला ४१० आणि पोटॅशियम क्लोराइड (५०८) असते.

अगार आणि कॅराजिनन दोन्ही लाल शेवाळातून येतात, मग एकच तिसऱ्या रकान्यात का? कॅराजिननच्या साखळीत डी-गॅलॅक्टोजच्या कड्या अल्फा-१,३ जोडाने बांधलेल्या असतात. अल्फा-गॅलमधला जोडही तसाच आहे. अगारमध्ये त्या जागी एल-गॅलॅक्टोजचा प्रकार असतो, बांधणी वेगळी पडते. कॅराजिननने प्रत्येकाला त्रास होत नाही, पण काही रुग्णांना झाल्याचे नोंदलेले आहे. म्हणून तिसऱ्या रकान्यात ४०७ थांबवायचा आणि ४०६ सोडायचा. ४१० (कॅरोबच्या बियांचा डिंक), ४१२ (गवार डिंक), ४१५ (झँथन) यांची अडचण नाही.

आइस्क्रीम आणि ‘फ्रोझन डेझर्ट’ यांत ४०७ वारंवार येतो. फ्रोझन डेझर्टमध्ये चरबी वनस्पतीची असली तरी दुधाची भुकटी असतेच, त्यामुळे दुसरा रकानाही मोकळा होत नाही.

जाता जाता मेडिकलमधल्या वस्तू. माशाच्या तेलाची मऊ कॅप्सूल घेताना ‘मासा चालतो’ म्हणून कोणी फसू नये. आतले तेल माशाचे, कवच बहुधा जिलेटिनचे. व्हिटॅमिनच्या गमी काही पेक्टिनच्या, काही जिलेटिनच्या. औषधांची वही वेगळी लागेल, ती या प्रकल्पात नाही.

३० जुलै

जिलेटिन ओळखायला कोमट पाण्याची परीक्षा सुचवली गेली होती. तत्त्व खरे आहे: जिलेटिन अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळते, म्हणून तोंडात विरघळते, अगारला वितळायला सुमारे ८५ अंश सेल्सिअस लागते. पण चघळगोळीत निम्म्याहून जास्त साखर आणि ग्लुकोज सिरप असते, ते कोणत्याही पाण्यात सुटते आणि गोळी ‘वितळल्या’सारखी दिसते. त्यात स्टार्च आणि जिलेटिन एकत्र असेल तर निकाल कुठल्याच बाजूला लागत नाही. परीक्षा वहीतून काढली. यादी नसलेली गोळी पाण्यात घालून ओळखीची होत नाही.

५ ऑगस्ट

आता घरचा माल. कोकणी मेव्यात मुळात दूध कमी, तेल-गूळ-नारळ जास्त. त्यामुळे दुसऱ्या रकान्याच्या माणसालाही इथे भरपूर काही मिळते. अट एकच: प्रश्न नेमका विचारायला हवा.

आंबापोळी आणि फणसपोळी. यादीत रस किंवा गर, साखर, कधी सायट्रिक अ‍ॅसिड (३३०) आणि टिकाऊपणासाठी २२४ (एक सल्फाइट). कागदावर तिन्ही रकाने मोकळे. पण रस पसरण्याआधी ताटाला किंवा ट्रेला कशाचा तरी हात फिरवतात, नाहीतर पोळी सुटत नाही. तो हात तुपाचा असेल तर यादीत त्याचा पत्ता नसतो, कारण बनवणाऱ्याच्या हिशेबी तो घटकच नव्हे. मोठ्या कारखान्यातला माल प्लास्टिकच्या कागदावर वाळवला तर हा प्रश्न उठत नाही. घरगुती मालाला विचारायचेच. मालवणच्या बाजूच्या एका गटात उत्तर आले, “तूप खंय परवडता बाय, खोबऱ्याचा तेल फिरवतंव.” तिथे महागाईने काम सोपे केले.

मालवणी खाजा: बेसन, गूळ, आले, तळणीचे तेल. खडखडे लाडू: बेसन आणि गूळ. दोन्ही तिन्ही रकान्यांत बसतात. शेंगदाण्याची चिक्की बसते, पण परातीचा हात इथेही विचारायचा. कोकम आगळ, आवळा सुपारी, खारवलेले आणि भाजलेले काजू यांना वेळ घालवायचा नाही.

आंबा वडी आणि आंबा बर्फी थांबवायची. त्यांत दूध, खवा किंवा दूध पावडर असते, फक्त रंग आंब्याचा बघून ‘फळाचीच आहे’ असे समजू नये. नाचणीचे लाडू तुपात वळतात. नाचणीची बिस्किटे बघूनच: काहींत वनस्पती तेल, काहींत लोणी, आणि दुधाची पावडर दोन्हींत असू शकते.

छोट्या उत्पादकाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक असतो. १ ने सुरू होणारा परवाना, २ ने सुरू होणारी नोंदणी. घरगुती आणि बचत गटांचा माल बहुतेक नोंदणीतला. क्रमांक असला म्हणजे घटकांची यादी पुरी आहे असे नाही, पण विचारायचे कोणाला हे कळते. प्रश्न असे विचारायचे:

तूप, लोणी, दूध, खवा, दूध पावडर यांतले काही घातले आहे का? ताट, परात किंवा साचा कशाने माखला? रवा, बेसन, खोबरे कशावर भाजले? याच भांड्यात आधी काय केले होते?

‘शाकाहारी आहे ना?’ असे कधीही विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते आणि ते खरेही असते.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, म्हणून आज नारळाचेच पदार्थ हाती घेतले.

नारळाच्या पाकीटबंद वड्या दोन जातींच्या. साखर-खोबऱ्याच्या कोरड्या वड्या मोकळ्या. मऊ वड्यांत बहुधा दूध, साय किंवा मिल्क पावडर. हाताला लागणाऱ्या मऊपणावर निर्णय घ्यायचा नाही, यादीवर घ्यायचा, पण मऊ वडी दिसली की यादी दोनदा वाचावी. नारळीभाताची तयार मिश्रणे तुपाची असतात.

आजचा सगळ्यात उपयोगी शोध म्हणजे नारळाच्या दुधाची पावडर. नारळ, माल्टोडेक्स्ट्रिन आणि तिसरे सोडियम केसिनेट! पावडर पाण्यात गुठळ्या न होता मिसळावी म्हणून दुधाचे हे प्रथिन घालतात. ज्याच्या परसात माड आहे तो ही पावडर घेणार नाही. पण तयार सोलकढी, खिरीची मिश्रणे आणि ‘नारळाच्या दुधातल्या’ पाकिटांत तीच वापरलेली असू शकते. डब्यातले किंवा खोक्यातले पातळ नारळाचे दूध बहुधा निर्मळ असते, त्यात डिंक तेवढे बघायचे. दुसऱ्या रकान्यासाठी ‘नारळाचे दूध’ हे शब्द पुरेसे मानू नयेत.

१४ ऑगस्ट

आखाती देशांतून आलेला खाऊ. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, रत्नागिरी या पट्ट्यात दुबई-कुवेत-मस्कतची बॅग हे खाऊचे वेगळेच दुकान असते. दुकानात आयात होऊन आलेल्या पाकिटावर आयातदाराचे स्टिकर असते, त्यावर ठिपका किंवा त्रिकोण असतो. बॅगेतून आलेल्यावर ते काहीच नसते. इथे हिरव्या ठिपक्याचा आधार संपतो आणि प्रत्येक ओळ स्वतः वाचावी लागते.

हलालचा शिक्का बघून लोक निश्चिंत होतात. त्या शिक्क्याने डुक्कर वगळले जाते, गाय नाही. हलाल मार्शमेलो आणि गमी यांत बहुधा गाईगुरांचेच जिलेटिन असते, आणि पहिल्या रकान्याला डुक्कर आणि गाय सारखेच. ‘फिश जिलेटिन’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच सोडायचे. नुसते ‘जिलेटिन’ लिहिले असेल तर थांबवायचे, मग शिक्के कितीही असोत.

बिनठिपक्याच्या पाकिटावर ४७१, ४७२, ५७०, ५७२ ही मेदापासून केलेली द्रव्ये दिसली आणि पुढे ‘वनस्पतीजन्य’ लिहिलेले नसले, तर पहिल्या रकान्यात प्रश्नचिन्ह. अमेरिकेहून आलेल्या डब्यावर ‘लार्ड’ म्हणजे डुकराची चरबी आणि ‘टॅलो’ म्हणजे गाईगुरांची. ‘शॉर्टनिंग’ म्हणजे बेकिंगसाठीचा घट्ट मेद; तो कशाचा ते पुढे लिहिलेले असते.

उंटाच्या दुधाचे चॉकलेट हे आणखी एक. गाईचे दूध बाधणाऱ्याला कोणीतरी ते प्रेमाने आणून देतो. उंटही सस्तनच, दुसऱ्या रकान्यात बंद.

साधा खजूर, बदाम भरलेला खजूर, तिळाचा हलवा (यादी बघून) मोकळे. मामूल (सारण भरलेले बिस्किट) आणि बकलावा (थरांची मिठाई) लोणी-तुपाचे. ओमानी हलव्यात तूप असते. लोकुम (जेलीसारखी तुर्की मिठाई) मूळचे स्टार्चचे, पण स्वस्त पाकिटांत जिलेटिन घालतात, म्हणून नावावर जायचे नाही.

२० ऑगस्ट

गणपती आठवड्यावर. मिठाईच्या दुकानात पेढे-मोदकांची चळत लागली आहे.

उकडीच्या मोदकाचे पीठ पाकिटातून आणले तर त्यात तांदूळच असतो, मोकळे. तयार सारण बघायचे, त्यात तूप आढळते. गोठवलेले तयार उकडीचे मोदक उत्पादकाप्रमाणे बदलतात. घरी करताना वरून तुपाची धार सोडायची ती पथ्याच्या पानात सोडू नये, एवढेच. आंबा मोदक, केशर मोदक, मावा मोदक हे सगळे पेढ्याचेच भाऊबंद, खव्याचे. काजू मोदकात काजू-साखर असली तरी मळताना तूप लागते, कधी दूध पावडरही.

सुट्या मिठाईच्या ताटासमोर १ ऑक्टोबर २०२० पासून ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावावी लागते. घटक लावावे लागत नाहीत. त्यामुळे सुटी मिठाई वहीत धरायचीच नाही असे ठरले.

वर्खाबद्दल एक टीप. पूर्वापार पद्धतीत चांदीचा तुकडा जनावराच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत ठेवून ठोकत. वर्ख बनवताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरू नये असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये अधिसूचित केला. आता यंत्रावर, कागदावर ठोकलेला वर्ख मिळतो. पण समोरच्या काजूकतलीवरचा वर्ख कुठला हे दुकानदाराला सहसा सांगता येत नाही. पहिल्या रकान्यासाठी साधा नियम: वर्ख लावलेले घेऊ नये. खरवडून काढणे हा उपाय नव्हे.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या. ज्या घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तिथे मटणाचा डाव आणि खिरीचा डाव एका ओट्यावर येतात. खाऊचे डबे, चमचे आणि तळणीचे तेल वेगळे ठेवायचे, मटणाचे वडे तळलेल्या तेलात करंज्या सोडायच्या नाहीत. पाकीट कितीही निर्मळ असले तरी ते घरात आल्यावर बिघडू शकते. बाकी काम बंद.

९ सप्टेंबर

बांद्यापलीकडचा माल, म्हणजे गोव्याहून येणारी पाकिटे.

बेबिंका या थरांच्या गोड पदार्थावर तपकिरी त्रिकोण असतो तो अंड्यांच्या पिवळ्या बलकामुळे. बलक पहिल्या रकान्यात चालतो. दुसऱ्या रकान्याला अडवते ते प्रत्येक थरावर लावलेले तूप. त्रिकोण बघून पाकीट टाकणारा आणि त्रिकोणाचे कारण कळल्यावर निश्चिंतपणे खाणारा, दोघांनीही यादी वाचलेली नसते.

दोदोल: तांदळाचे पीठ, नारळाचे दूध, काळा गूळ. मुळात मोकळा, पण साच्याला तूप लावले का ते विचारायचे. पेराड, म्हणजे पेरूच्या गराची वडी, पेरू आणि साखर, साच्याचाच प्रश्न.

बेकरीचा माल दोन्हीकडे सारखाच अवघड. नानकटाई कुठे तुपाची, कुठे वनस्पतीची, आणि सुटी घेतली तर दोन्ही सारखीच दिसते. मार्जरिन वनस्पतीचे असले तरी काहींत मिल्क सॉलिड्स असतात. ज्या भट्टीत खिम्याचे पॅटीस भाजतात तिथला ट्रे आणि माखायचा ब्रश सामाईक असतो. पहिल्या रकान्याला बाधायला तेवढे पुरते. बेकरीतून सुटे घेऊ नये, पाकीटबंद टोस्ट-बिस्किटे यादी बघून घ्यावीत. ग्लुकोज बिस्किटांत दूध असते हे बहुतेकांना माहीत नसते, पुड्यावर मात्र लिहिलेले असते.

२४ सप्टेंबर

फेरतपासणी. त्याच नावाचे, त्याच रंगाचे पाकीट घटक बदलून येऊ शकते, म्हणून वहीत नावापुढे पाकिटाचे वजन, बॅच क्रमांक आणि यादीचा फोटो काढल्याची तारीख लिहितो. एकाच बिस्किटाचा छोटा पुडा आणि ‘फॅमिली पॅक’ वेगळ्या कारखान्यांतून येतात, त्यांची ‘अंश असू शकतो’ ही ओळ वेगळी निघू शकते. तिसऱ्या रकान्याच्या माणसाने तपासलेला आकारच घ्यावा.

परवा, २२ तारखेपासून, जीएसटीचे दर उतरले आणि जुन्या मालावर नव्या किमतीची स्टिकरे लागू लागली. काही थेट यादीवर बसली आहेत. स्टिकर सोलायचे नाही, खालची अक्षरे त्याच्याबरोबर निघतात. त्याच बॅचचे दुसरे पाकीट मागायचे.

वही वापरणाऱ्यासाठी: पाकीट फोडण्याआधी यादीचा आणि बॅचचा फोटो, आणि खाल्ल्याची वेळ फोनमध्येच. त्रास झाला तर डॉक्टर मागचे दोन ते सहा तास विचारतात, आणि तोपर्यंत वेष्टन कचऱ्यात गेलेले असते.

पुढचे काम दिवाळीच्या खोक्यांचे. सोनपापडीने सुरुवात करायची: एकाच कंपनीची तुपातली आणि वनस्पती तेलातली सोनपापडी सारख्याच खोक्यात, एकाच फळीवर येते. दोन्हींवर ठिपका हिरवाच. खोके उलटे करूनच उचलायचे.